माझ्या पोटात राहिलेले नंबर

मित्रांनो, माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर लिहिलंय, 'एक जुना काळ्या रंगाचा संगणक, चालू स्थितीत'. खाली दोन पंचांच्या सह्या आणि लाखेचा शिक्का. मी जुना आहे, काळा आहे, संगणक आहे, हे सगळं खरंच. पण त्या चिठ्ठीतले शेवटचे दोन शब्द मला फार लागतात. चालू स्थितीत. त्या दिवशी मी बंद पडलो असतो तर एका बाईचं घर मोडलं नसतं.

सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत आहे. शेजारी चोरीच्या तांब्याच्या तारा आहेत, एक मोडकी मोटरसायकल आहे आणि गॅसच्या सहा टाक्या आहेत. इथं कुणी कुणाची विचारपूस करत नाही. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावं.

माझी उमेदीची वर्षं महाळुंग्याच्या एका कारखान्यात गेली. तिथं गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग बनायचे. मला ठेवलं होतं क्वालिटीच्या खोलीत, एसीच्या गारव्यात. काम एकच, नोंद ठेवणं. प्रत्येक भागाला एक नंबर असायचा. कुठल्या शिफ्टला बनला, कुठल्या मशीनवर बनला, कुणाच्या हातून बनला, सगळं माझ्या पोटात. तीन वर्षांनी कुठल्या तरी लांबच्या शहरात गाडीचा एक कोपरा तडकला, तरी मी क्षणात सांगायचो की तो पत्रा कुणी दाबला होता. कंपनीत याला ट्रेसेबिलिटी म्हणत. साध्या मराठीत माग काढणं. बाहेरून ऑडिटला आलेले साहेब माझ्याकडं बघून मान डोलवायचे आणि मी फुगून जायचो. नऊ वर्षांत मी एकदाही अडलो नाही, एक नोंद गहाळ केली नाही. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात, पण तेव्हा मला ते कोण सांगणार?

माझ्यासमोर बसायचे धम्मरत्न. क्वालिटी इन्स्पेक्टर. वडील पिंपरीच्या कारखान्यात हेल्पर होते, मुलगा डिप्लोमा करून एसीच्या खोलीत आला होता. माणूस शिस्तीचा. पेन्सिलीनं लिहिलेला आकडा त्यांना चालायचा नाही आणि खाडाखोड तर त्याहून नाही. "जे नोंदीत नाही ते घडलंच नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. नव्या पोरांना ते पहिल्या दिवशीच ऐकवायचे.

एका दुपारी प्रेस मशीनवर किसन नावाच्या कंत्राटी कामगाराची दोन बोटं गेली. तासाभरात त्याला गाडीत घालून नेलं. दुसऱ्या दिवशी अपघाताच्या रजिस्टरात ओळ आली, 'कामगार सुट्टीवर असताना घरी जखमी'. धम्मरत्ननी माझ्याकडं त्या शिफ्टची नोंद मागितली. मी इमानदारीत काढून दिली. अकराशे चाळीस भाग, एकूण एक नंबरासकट. मध्ये एक ओळ होती. मशीन बंद, अकरा मिनिटं. कारण, सफाई.

ती सफाई करणारी बाई दारात उभी होती. सोजरबाई तिचं नाव. परभणीकडची, साठीला टेकलेली, ठेकेदाराच्या हाताखाली तीन-चार कंपन्यांत झाडलोट करणारी.

"साहेब, लेकराचं रगत म्याच पुसलं," ती म्हणाली. "अन् ते सुपरवायझर म्हणायलंय, घरी दारात सापडली बोटं म्हणून सांग."

धम्मरत्ननी ती ओळ पुन्हा वाचली. पत्र्याच्या तुकड्याचा माग तीन वर्षं निघतो आणि माणसाच्या बोटाला अकरा मिनिटं मिळतात, तीही सफाईच्या नावानं. मित्रांनो, ती नोंद माझीच होती. मला तेव्हा लाज वाटली नाही. आज वाटते.

पुढं कंपनीत नवे संगणक आले आणि मला कुदळवाडीच्या भंगारात घातलं. गरज सरो, वैद्य मरो. धम्मरत्ननी तोवर ती नोकरी सोडून दुसरी धरली होती. पण मला ते विसरले नव्हते. त्यांनी मला भंगारातून शोधून काढलं, रहाटणीच्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणलं, फडक्यानं पुसलं, पंखा बदलला आणि खिडकीशी टेबलावर बसवलं. वर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. एवढ्या मानाच्या जागी मी आयुष्यात बसलो नव्हतो.

तिथं त्यांनी माझ्यावर एक वेबसाइट चालवायला घेतली. नाव ठेवलं 'हातनोंद'. चाकणच्या पट्ट्यात कुणाचं बोट गेलं, कुणाचा हात भाजला, कुणाच्या पायावर साचा पडला, त्याची नोंद. रजिस्टरात नसलेली. कुणीही मोबाइलवर पान उघडावं, कुठली शिफ्ट, कुठलं मशीन, काय झालं ते लिहावं. ना कुठल्या पक्षाची मदत, ना जाहिरात. घरचं इंटरनेट, घरची वीज आणि मी.

पानावर कुणाचं नाव दिसत नसे. पण नोंद करणाऱ्याला मोबाइल नंबर द्यावा लागे. धम्मरत्न स्वतः फोन करून खातरजमा करायचे आणि मगच नोंद चढवायचे. एक जरी खोटी निघाली तर सगळ्या खोट्या ठरतील, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं. नंबर माझ्या पोटात राहायचे.

त्यांच्या पत्नी मैत्री महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी एकदा सरळ विचारलं, "धम्मा, फोन करून झाला की तो नंबर पुसत का नाहीस?"

"पुसला तर पुरावा काय राहिला? ऑडिटला काय दाखवणार?"

"तुझ्या ऑडिटला कोण येणारंय?"

धम्मरत्न हसले. मीही माझ्या परीनं हसलो असेन.

दीड वर्षात दोनशे बारा नोंदी झाल्या. त्यातल्या एकसष्ट एकाच नंबरावरून आल्या होत्या. सोजरबाईच्या. तिला टायपिंग कुठलं येणार? ती फोनवर सांगायची आणि धम्मरत्न लिहून घ्यायचे. ज्यांचं बोट जायचं ती पोरं घाबरून गप्प बसायची, आणि ही त्यांच्या वतीनं बोलायची.

"तुम्हाला भीती नाही वाटत का, मावशी?" एकदा धम्मरत्ननी विचारलं.

"मला कोण बघतंय बाबा? झाडूवाली म्हातारी म्हणजी भिंतच की. साहेब लोक भिंतीम्होरं समदं बोलत्यात."

एका वर्तमानपत्रानं 'हातनोंद'वर अर्धं पान छापलं. त्यानंतर तपासणी झाली आणि दोन ठिकाणी प्रेसला संरक्षक जाळ्या बसल्या. त्या रविवारी मैत्रीनी खीर केली आणि माझ्यावर नवं कापड घातलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा दिवस. त्याच्या पुढच्याच महिन्यात ऑडिट आलं.

साध्या कपड्यातले दोघे होते. बोलणाऱ्याचं नाव रोहिदास. हवालदार असले तरी बोलणं लोण्यासारखं. चपला दाराबाहेर काढल्या, चहा घेतला.

"सहज आलोय सर. तुमचं काम चांगलंय, न्हाई कोण म्हणतंय? फक्त वरून विचारत्यात की याच्या मागं कोण. औद्योगिक शांततेचा प्रश्न असतो."

"मागं कुणी नाही. मी आणि ही."

"तसंच असणार. पण नऊ तारखेला तुमी चाकणला त्या कामगारांच्या मीटिंगला होता. तळेगाव चौकातून सहा बावीसला पास झालाय. मॅडम मागं बसलेल्या, शाळेतनंच आला असाल." रोहिदासांनी बशीत बिस्कीट ठेवलं. "आमाला कायच लपवायचं न्हाई सर. तुमी फक्त त्या लोकांचे नंबर द्या. आमी विचारून सोडून देऊ."

धम्मरत्ननी नंबर द्यायला नकार दिला. मला त्यांचा अभिमान वाटला.

आठवड्याभरात सोसायटीच्या खांबावर नवा कॅमेरा आला. सुरक्षेसाठी, असं सांगितलं. तोंड मात्र आमच्या खिडकीकडं. शेजारचे शरच्चंद्र काका जिन्यात दिसले की मोबाइलमध्ये डोकं घालू लागले. मैत्रींच्या मुख्याध्यापकांना कुणीतरी फोन करून त्यांच्या रजांचा हिशेब विचारला. काही बेकायदा घडत नव्हतं. नुसतं बघणं चालू होतं, आणि आपल्याला बघतात हे कळल्यावर त्या घरातली माणसं हळू बोलायला लागली.

"आजच्या आज पुसून टाक ते नंबर," मैत्री म्हणाल्या. "आपलं काय व्हायचं ते होईल. त्या मावशीचं काय?"

धम्मरत्न माझ्यासमोर बसले. यादी उघडली. पुसायला एक बटण पुरे होतं. त्यांनी बोट बटणावर ठेवलं आणि तसंच ठेवलं. मित्रांनो, पंधरा वर्षं क्वालिटीत काढलेला माणूस तो. नोंद पुसणाऱ्या एकाला त्यांनी स्वतः नोकरीवरून काढायला लावलं होतं. "पुसलं तर तेच म्हणतील की नोंदी बनावट होत्या," ते म्हणाले. "आधी एखाद्या वकिलाला विचारतो. सोमवारी बघू." मग त्यांनी यादीला कुलूप म्हणून पासवर्ड घातला. आणि कंपनीतल्या सवयीनं तो पासवर्ड टेबलावरच्या रजिस्टरात तारीख घालून लिहिला, आपण नसलो तर मैत्रींचं काम अडू नये म्हणून.

शनिवारी सकाळीच पोलीस आले. अफवा पसरवल्याचा गुन्हा होता. पंच म्हणून शरच्चंद्र काकांनी सही केली. मला पोत्यात घातलं, रजिस्टर माझ्यावर ठेवलं.

ठाण्यातल्या टेबलावर त्यांनी मला वायर जोडली तेव्हा मी देवाकडं एकच मागणं मागितलं. नऊ वर्षं कारखान्यात आणि दोन वर्षं घरात मी कधी बंद पडलो नाही, आता पडू दे. जळू दे काहीतरी. पण मी पहिल्याच दाबाला सुरू झालो. पासवर्ड रजिस्टरात बघून टाकला. यादी उघडली. कुणीतरी म्हणालं, कुठल्या नंबरावरून किती ते लावा. मी लावून दिली. मला दुसरं येतंच काय? सगळ्यात वर एकसष्ट.

रोहिदास खुर्ची ओढून जवळ आले आणि खरोखरच खूश होऊन म्हणाले, "काय मस्त ठेवलंय राव. आपल्याकडं असं कोण ठेवतं का?"

आयुष्यात माझं पुष्कळ कौतुक झालं. त्या कौतुकानं मात्र मला जाळलं.

सोजरबाईवर गुन्हा वगैरे काही झाला नाही. तिला फक्त चौकशीला बोलावलं. तीनदा. सकाळी यायची आणि दिवस मावळेपर्यंत बाकावर बसायची. मला ती उघड्या दारातून दिसायची, पिशवी मांडीवर धरून. पहिल्या दिवशी तिनं शिपायाला विचारलं, "पर माझा नंबर तुमाला कसा घावला? भाऊ तर सांगणार न्हाई. भाऊच्या तर फकस्त ध्यानात व्हता." तिला वाटायचं, धम्मरत्न तिला आवाजावरून ओळखतात. कुठं काही लिहून ठेवलंय हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. शिपायानं माझ्याकडं बोट केलं. तिनं मला ओळखलं की नाही, कोण जाणे. कारखान्यात तिनंच मला रोज पुसलं होतं.

पुढचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. ठेकेदारानं तिला उद्यापासून येऊ नको म्हटलं. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. महाळुंग्यातल्या खोलीच्या मालकानं खोली रिकामी करून घेतली. बाकीच्या नंबरांनाही एकेक फोन गेला, अगदी गोड शब्दांत. 'हातनोंद'वर नवी नोंद आली नाही, ती आजतागायत नाही. कारखान्यांत बोटं जायची थांबली असतील, असं मात्र समजू नका.

सात महिन्यांनी कोर्टाचा आदेश आला, संगणक मालकाला परत द्या. धम्मरत्न आले. केस पिकले होते. रोहिदासांनी मला टेबलावर ठेवलं आणि नियमाप्रमाणं म्हणाले, "चालू हाय का बघून घ्या."

मी चालू होतो. धम्मरत्ननी यादी उघडली आणि या वेळी एक क्षणही न थांबता बटण दाबलं. दोनशे बारा नोंदींचे सगळे नंबर गेले.

रोहिदास कुत्सित हसले नाहीत. उलट हळहळून म्हणाले, "आता कशाला सर? आमच्याकडं तीन कॉप्या हायेत."

धम्मरत्ननी विचारलं, "सोजरबाई कुठं असतात, काही माहितीये? मी खूप शोधलं. फोन लागत नाही."

"सेलूला, लेकीकडं. मार्चच्या अकरा तारखेला गेल्या. नंबर बदललाय." रोहिदासांनी आठवून आठवून सांगितलं. "मोतीबिंदू झालाय, डावा डोळा. सिव्हिलला नंबर लागलाय, पण जावई न्यायला बघत न्हाई."

ज्यांच्यासाठी तिनं सगळं केलं त्यांना तिचा पत्ता नव्हता, आणि तिच्या डोळ्याची काळजी करणारा एकच माणूस उरला होता, तिच्यावर पाळत ठेवणारा.

"मी भेटायला गेलो तर?"

"जावा की. कोण अडवतंय?" रोहिदास म्हणाले. "आमाला कळंलच."

धम्मरत्ननी पावतीवर सही केली नाही. मला म्हणण्यापेक्षा भिंतीलाच म्हटल्यासारखं म्हणाले, "असू दे इथंच. घरात नको आता हा." आणि गेले. सेलूला गेले की रहाटणीला, मला कळलं नाही. ते मला न कळलेलंच बरं.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने जीव शेवटी हात जोडून म्हणतात की आम्हाला जपा, टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला सगळ्यांनी फार चांगलं जपलं, त्याचंच हे फळ आहे. माझं सांगणं एवढंच. उद्या तुमच्यातलं कुणी एखादं चांगलं काम काढील. कुणीतरी गरीब माणूस विश्वासानं येईल आणि आपलं नाव सांगेल. ते नाव नीट ऐका, त्या माणसासाठी जिवाचं रान करा. पण ते नाव माझ्यासारख्याला सांगू नका.