चुकून चढलेली ट्रंक

सैन्यातल्या माणसाचं घर हे मुळात घर नसतं, चढवायचं सामान असतं, असं सार्जंटची बायको म्हणायची. ती होती तोवर तो यावर हसायचा. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. बदलीचा हुकूम आला तेव्हा असलं काही बोलायला घरात कोणी नव्हतं, म्हणून तो हुकूम घडी करून खिशात ठेवून सरळ सामान बांधायला लागला.

सामान चढवणं हीच त्याची नोकरी. पलटण हलली की कुठली पेटी कुठल्या ट्रकमध्ये, जड काय खाली, आधी लागणारं काय दाराशी, हे सगळं तो बघायचा. त्याच्या हातून एक पेटी चुकीच्या गाडीत गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं, आणि तो ते कोणाला विसरूही देत नसे.

घरच्या लाकडी पेट्याही वर्षानुवर्षं त्याच. नव्या ठिकाणी पोचलं की गादी टाकून त्यांचा दिवाण व्हायचा, चादर टाकून टेबल. बदली आली की चादर ओढायची आणि टेबलाच्या पोटात भांडी भरायची. मग प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा, नव्या ठाण्याचा पत्ता आणि नंबर. हे रंगकाम तो कोणाला करू देत नसे. एकदा हातात ब्रश आला की समोर जे काही हलत नसेल त्याच्यावर नंबर पडायचा. मागच्या एका बदलीत शेजाऱ्यांच्या शिडीवर पडला होता. शिडी वेळेत परत गेली, म्हणून ती चूक तो धरत नसे.

या वेळी निघणारी माणसं तीन. तो, त्याची दहा वर्षांची मुलगी ठकू आणि सासूबाई. सासूबाई लेकीच्या आजारपणात आल्या त्या राहिल्याच. बदली झाली की त्यांनी मुलाकडे जायचं असं ठरलं होतं. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, ते नीट कोणालाच सांगता आलं नसतं. सार्जंटनं त्यांना फोनवर म्हणताना ऐकलं होतं, "हे लोक निघाले की मी येते तुझ्याकडे." मुलगा दातांचा डॉक्टर. त्याचं गाव वाटेवरच होतं, जिथे हमरस्त्याला दोन फाटे फुटतात तिथे.

सार्जंटला एवढंच हवं होतं की त्यांनी तिथे उतरू नये. ठकू त्यांच्याशिवाय कोणाला केसांना हात लावू देत नव्हती. संध्याकाळी दार उघडलं की आतून कोणीतरी रागवायला लागतं, याची त्यालाही सवय झाली होती. पण हे म्हणायचं कुठल्या तोंडानं? जिच्यामुळे त्या त्याच्या सासूबाई होत्या तीच आता नव्हती. थांबा म्हणायचा आपल्याला काय हक्क, या प्रश्नापाशी त्याचं घोडं अडायचं. फाट्यापर्यंतचा रस्ता लांब होता, तेवढ्यात जमवू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच पुढे गेला. सकाळी क्वार्टर ताब्यात घ्यायला एक तपासनीस आला. त्यानं दिवे लावून पाहिले, नळ सोडून पाहिले आणि मोरीतल्या फरशीच्या तड्यावर बोट ठेवलं.

"हा आम्ही आलो तेव्हापासून आहे," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही तर नंतर आलात, आई," सार्जंट हळूच म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तडा माझ्याहून जुना आहे, दिसत नाही का?"

तपासनिसानं सासूबाईंकडे पाहिलं, तड्याकडे पाहिलं आणि सही केली.

गाडी निघाली. सार्जंट घरची गाडीही ताफ्यासारखी चालवायचा. एकच वेग, डावी बाजू, ठरल्या अंतरावर थांबा, थांबलं की चारी टायर बघायचे. मागच्या सीटवर आजी आणि नात. पुढच्या सीटवर गॅसची शेगडी, कारण तिच्या बाबतीत त्याचा ट्रकवाल्यावर विश्वास नव्हता.

"जावईबापू," थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, "मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न देतोय. त्याला पेरणीला उशीर होत असेल."

"ताफ्यात वेग सगळ्यात हळू गाडीचा धरतात, आई."

"ताफा कुठेय? एकटीच तर गाडी आहे."

"म्हणून तर. सगळ्यात हळू गाडी हीच," ठकू म्हणाली.

ट्रॅक्टर पुढे गेला. त्याच्या ट्रॉलीत बसलेल्या बायकांनी हात हलवला, ठकूनंही हलवला.

सार्जंटनं मनात एक वाक्य तयार केलं होतं. ते रजेच्या अर्जासारखं झालं होतं, पण त्याहून बरं त्याला जमत नव्हतं. पहिल्या थांब्यावर त्यानं घसा खाकरला.

"आई."

"काय?"

"हवा बघतो."

दुसऱ्या थांब्यावरही तेच. तिसऱ्या थांब्यावर तो आई म्हणाला आणि टायरपाशी जाऊन बसला, तेव्हा सासूबाई ठकूला म्हणाल्या, "तुझ्या बापाला सांग, तो टायर आता लाजेनं फुटेल."

मुक्काम वाटेतल्या लष्करी छावणीत झाला. जेवताना बोलू असं त्यानं ठरवलं होतं. पण जेवताना सासूबाईंनी तिथल्या आचाऱ्याला भात कसा मोकळा करायचा ते शिकवायला घेतलं आणि आचारी वही काढतो की काय अशा भक्तीनं ऐकत राहिला. सार्जंटनं भात संपवला. एका रात्रीसाठी ट्रंक कशाला काढायची, म्हणून सासूबाई अंगावरच्या कपड्यांतच झोपल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाट्याच्या अलीकडे एक पेट्रोल पंप लागला. शेवटचा थांबा. पलीकडे गावातल्या इमारती दिसत होत्या. ठकू सावलीत बाकावर उकडलेलं अंडं सोलत बसली. सासूबाईंनी तोंड धुतलं, केस नीट केले.

"जावईबापू, माझी ट्रंक काढा. कपडे बदलते. हे असे चुरगळलेले घालून गेले तर सून म्हणेल, सैन्यानं म्हातारीला ओढत आणलं."

सार्जंटनं डिकी उघडली. वळकटी, पाण्याचे कॅन, जॅक, ठकूचं दप्तर. त्यानं वळकटी बाहेर काढली. कॅन काढले. मग स्टेपनी उचलून खाली पाहिलं.

"बाबा, स्टेपनीखाली ट्रंक मावत नाही," ठकू म्हणाली.

"निळी ट्रंक. कुठे गेली?" त्यानं विचारलं.

"ट्रकमध्ये. तुम्हीच नंबर घातलात की तिच्यावर. पेट्यांच्या रांगेत उभी होती."

सार्जंट डिकीसमोर तसाच उभा राहिला. त्याला आता ब्रशचा तो फटकारा आठवत होता. निळ्यावर पांढरा रंग छान उठून दिसला होता, हेही आठवत होतं. ट्रंक कोणाची, हे तेव्हा डोक्यात आलंच नव्हतं.

"मग तू तेव्हाच का बोलली नाहीस?" त्यानं ठकूला विचारलं.

"मला वाटलं आजी येतेय. ठरलेलं मला कुठे कोण सांगतं? मला पेट्यांवरूनच कळतं." तिनं अंड्याचं शेवटचं टरफल काढलं. "म्हणून तर निघताना मी रडले नाही."

पंपावरचा माणूस एका मोटारसायकलमध्ये पेट्रोल भरत होता. सासूबाई बाकावर ठकूशेजारी बसल्या आणि त्यांनी जावयाकडे नीट पाहिलं.

"मुद्दाम केलंत?"

"नाही. चूक झाली."

"तुमच्या हातून?"

"हो."

"आजवर एक पेटी चुकली नाही म्हणता ना? येईल त्या पाहुण्याला सांगता."

"नव्हती चुकली."

"हे बघा," सासूबाई म्हणाल्या, "मुद्दाम केलं असेल तर तसं सांगा. मी रागावेन, पण पुढचा विचार करेन. चुकून झालं असेल तर मला इथे उतरवा. ट्रंक काय, मागाहून येईल. चुकून कोणाच्या घरी राहायचं माझं वय नाही."

आजीच्या पाठीमागून ठकू बापाला जोरजोरात मान हलवून दाखवत होती. मुद्दाम म्हणा, मुद्दाम म्हणा. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं, आणि त्याची इतक्या वर्षांची शेखीही शाबूत राहिली असती. पण सासूबाईंसमोर त्याला खोटं कधीच जमलं नव्हतं, आणि त्यांच्या लेकीसमोर तर त्याहून नाही.

"चूकच झाली, आई," तो म्हणाला. "मुद्दाम करायची हिंमत नव्हती."

"कसली हिंमत?"

"तुम्हाला ठेवून घ्यायची. मी आता तुमचा कोण लागतो?"

सासूबाईंनी मिठाची पुडी उघडली, ठकूच्या अंड्यावर मीठ टाकलं आणि पुडी पुन्हा बांधली. गाठ बसेना. त्यांनी ती सोडून परत बांधली.

"कोण लागतो म्हणजे? जावई लागता. जावई म्हणजे काय क्वार्टर आहे, रिकामं करून किल्ली देऊन टाकायला?" त्यांनी पुडी बाजूला ठेवली. "पोर गेली माझी. जावई कुठे गेलाय? तो हा इथे उभाय, स्टेपनीखाली ट्रंक शोधतोय."

सार्जंटनं वळकटी उचलून परत डिकीत ठेवली.

"मग येता?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"बाबा, विचारा ना," ठकू तोंडातल्या अंड्यासकट म्हणाली.

तो सरळ उभा राहिला. "आई, आमच्याबरोबर चला."

"हा हुकूम झाला."

"चलाल का?"

"बघते," सासूबाई म्हणाल्या. "पण माझ्या मुलाला तुम्ही सांगायचं. त्यानं माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय. त्याच्यासमोर माझं तोंड उघडणार नाही."

डॉक्टरचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि घर त्याच्या मागच्या बाजूला. सार्जंट एकटाच जिना चढला. या मेहुण्याला तो मनातून घाबरून असायचा. डॉक्टर बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायचा, त्यामुळे लग्न झाल्यापासून सार्जंट त्याच्यासमोर तोंड मिटूनच हसत आला होता.

खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ आ वासून पडले होते. डॉक्टरच्या हातात यंत्र होतं.

"या भाऊजी. आई कुठेय?"

"खाली. गाडीत." सार्जंटनं टोपी काढून हातात घेतली. "डॉक्टर, आईंना मी घेऊन जाऊ का? आमच्याकडे. राहायला."

डॉक्टरनं यंत्र बंद केलं.

"खोली रंगवली मी. फिका पिवळा, तिला आवडतो तो. खिडकीला जाळी लावली."

"माहीत आहे."

"आणि तुम्ही आत्ता येऊन सांगताय?"

"उशीर झाला खरा. काल सकाळपासून प्रयत्न करतोय. त्यांची ट्रंकही माझ्या चुकीनं सामानाच्या ट्रकमधून पुढे गेलीय."

खुर्चीतल्या गृहस्थांनी घशातून काहीतरी आवाज काढला. डॉक्टर म्हणाला, "थुंका." गृहस्थ थुंकले, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "डॉक्टर, सासू मागून नेणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. अडवू नका त्याला."

हसायचं नाही असं डॉक्टरनं ठरवलं असावं, पण ते त्याला साधलं नाही. तो खिडकीशी गेला. खाली गाडीचं मागचं दार उघडं होतं. सासूबाई ठकूला पुढ्यात बसवून तिची वेणी घालत होत्या. मुलाचं घर समोर असूनही त्या गाडीतून उतरल्या नव्हत्या.

"ताईला मागायला आला होतात तेव्हाही तुम्ही तोंड उघडलं नव्हतंत," तो खिडकीकडेच तोंड करून म्हणाला. "सगळं तुमचे काका बोलले. ताई म्हणाली होती, मुलगा बरा दिसतो, पण मुका नाही ना ते बघा."

सार्जंटला हे माहीत नव्हतं. तिनं इतक्या वर्षांत हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"सुट्टी लागली की तिघांनी इकडे यायचं," डॉक्टर म्हणाला. "खोली तशीच राहील. कबूल?"

"कबूल."

"आणि आता इथे बसा. तुमचे दात बघायचेत. लग्नापासून लपवताय."

गृहस्थ खुर्चीतून उठले आणि मोठ्या आनंदानं त्यांनी जागा करून दिली. सार्जंट बसला. खुर्ची मागे झुकली, डोळ्यांवर दिवा आला, त्यानं तोंड उघडलं.

डॉक्टरनं आरसा आत घातला आणि हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. "तिला सकाळी रक्तदाबाची गोळी असते. विचारलं तर घेतली म्हणते. तिला विचारायचं नाही, डबी बघायची. उजव्या गुडघ्याला थंडी सोसत नाही. रागावली की जेवत नाही, तेव्हा समजूत घालायला जायचं नाही. ताट वाढून ठेवायचं आणि आपण दुसऱ्या खोलीत जायचं. आणि ताईबद्दल बोलायला लागली की मध्ये बोलू नका. सगळं बोलू द्या. मला ते नाही जमत, मी उठून जातो."

सार्जंटला उत्तर देता येत नव्हतं. तो प्रत्येक वाक्याला जमेल तेवढी मान हलवत होता. कानशिलावरून काहीतरी गरम ओघळून कानात गेलं.

"दुखतंय?" डॉक्टरनं विचारलं.

त्यानं नाही अशी मान हलवली.

"मग चूळ भरा आणि तोंड धुऊन खाली जा," डॉक्टर दिवा बाजूला करत म्हणाला. "आईचे इथे ठेवलेले दोन जोडी कपडे काढायला सांगतो बायकोला. ट्रंक मिळेपर्यंत लागतील."