उघडायचा राहिलेला माईक

“काका, शेवटच्या गाण्यालाही बाबांचा माईक उघडायचा नाही,” वाघाची मुलगी म्हणाली.

कानसेनाने आवाजाच्या मिक्सरवर झुकलेली मान वर केली नाही. मैदानात खुर्च्या मांडल्याचा खडखडाट चालला होता. स्टेजवर ड्रमवाला एकच ड्रम पुन्हा पुन्हा बडवून पाहत होता.

“मी त्याला शब्द दिलाय.”

“माहितीये. म्हणूनच तर आले.”

वाघ हा बँडचा गायक. तरुणपणी तो ब्लूजची गाणी अशा गुरगुरत्या आवाजात म्हणायचा, की दोन-दोन गिटारींचा कल्लोळ चिरून तो आवाज मागच्या भिंतीवर जाऊन आदळायचा. नाव तेव्हाच पडलं आणि चिकटलं. कानसेनाचंही तसंच. बँडचा आवाज सांभाळणारा तो. त्याला वाद्य एकही येत नव्हतं, पण ऐकण्याचा सोस भारी. प्रत्येक कार्यक्रम तो टेपवर उतरवून घरी न्यायचा. सगळी कपाटं टेपांनी भरली, बायकोचे कपडे खुंट्यांवर आले. “दुसरे सवत आणतात, ती निदान चहा तरी करते,” ती म्हणायची. पण टेपांवर धूळ बसू द्यायची नाही.

मागच्या वर्षी भर कार्यक्रमात वाघाचा आवाज फाटला. एकदा नाही, गाणं संपेपर्यंत. पुढच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. त्याचा व्हिडिओ ज्याच्या त्याच्या मोबाईलवर गेला. वाघ घरी आला आणि खोलीचं दार लावून बसला. जेवणाचं ताट मुलगी दारात ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. शेवटी ती कानसेनाकडे आली.

“काका, त्या जुन्या टेपांवर बाबांचा आवाज वेगळा काढता येतो ना?”

तिला काय हवंय ते त्याच्या लगेच लक्षात आलं. बँड खरा वाजेल, आवाज टेपवरचा येईल, वाघ नुसते ओठ हलवेल. त्याला हे पटलं नाही. तरीही, इतकी वर्षं कपाटात पडलेल्या त्या टेपा कोणालातरी हव्या आहेत, याचा त्याला आनंदच झाला. सगळ्यात चांगल्या वर्षाचा आवाज त्याने स्वतः निवडून दिला.

मुलीने वाघाला कसंबसं तालमीला आणलं. तो आवाज पहिल्यांदा स्पीकरमधून आला तेव्हा वाघ खिशात हात घालून उभा होता. थोडा वेळ ऐकून म्हणाला, “कोण रे हा? बरा म्हणतो.” सगळे हसले. तोही हसला आणि मग पाणी प्यायच्या निमित्ताने बराच वेळ बाहेर गेला. परत आला तो सरळ कानसेनापाशी.

“शेवटचं संथ गाणं माझं. तेवढा माईक उघडायचा. नाहीतर मी येत नाही.”

“उघडतो.”

“पोरीला विचारून नको. तू उघडायचा.”

“उघडतो म्हटलं ना.”

आणि आता पोरगी समोर उभी होती. “पुन्हा कोणी हसलं तर ते उठायचे नाहीत, काका. तुम्ही टेपा सांभाळल्यात, मी त्यांना सांभाळलंय.” तिचे डोळे भरले नव्हते, ती फक्त दमलेली दिसत होती. “शिवाय आज कंपनी रेकॉर्डिंग करतेय. आजच्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघणार आहे.”

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

संध्याकाळी मैदान गच्च भरलं. पांढऱ्या केसांची माणसं नातवंडांना घेऊन आली होती. स्पीकरमधून तरुण वाघ गुरगुरत होता, आणि स्टेजवर म्हातारा वाघ माईक तोंडाशी धरून इतका अचूक ओठ हलवत होता, की कानसेनाने नजर खाली बटणांवर वळवली. मुलगी कानसेनाच्या शेजारीच उभी होती.

शेवटचं गाणं सुरू झालं. ठरल्याप्रमाणे टेपवरचा आवाज बंद करून माईक उघडायचा होता. कानसेनाने हेडफोन चढवला. बंद माईकचा आवाज फक्त त्यात आणि या गाण्यापुरता वाघाच्या कानातल्या इअरफोनमध्ये यायचा; मैदानावर काय वाजतंय ते वाघाला कळणार नव्हतं. पहिलीच ओळ वाघाच्या घशात अडकली. आवाज फाटला, अगदी मागच्या वर्षीसारखाच. कानसेनाचा हात आखडला. मैदानावर टेप चालूच राहिली.

दुसऱ्या कडव्यात वाघाने वरचे सूर सोडून दिले. आवाजाचा जो खालचा तुकडा शिल्लक होता, तेवढ्यातच तो म्हणू लागला. जवळपास बोलल्यासारखं. मधे धाप लागली, ती त्याने लपवली नाही. ज्या ओळीवर तो आयुष्यभर गरजत आला होता, ती त्याने इतकी हळू म्हटली, की कानसेनाने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला. इतकी वर्षं तो या माणसाला ऐकत होता. असं गाणं त्याने त्याच्याकडून ऐकलं नव्हतं.

पण आता माईक उघडायचा कसा? मैदानात तरुण आवाज भरून राहिला होता. मधेच म्हातारा आवाज आला असता, तर सगळ्या संध्याकाळचं बिंग फुटलं असतं. त्याचं बोट बटणावर होतं. ते तिथेच राहिलं. गाणं संपलं. लोक उभे राहिले.

कार्यक्रमानंतर वाघ स्टेजमागच्या खोलीत टॉवेलने मान पुसत बसला होता. चेहरा लहान मुलासारखा खुलला होता.

“ऐकलंस?”

“ऐकलं,” कानसेन म्हणाला. तेवढं खरं होतं.

“पुढच्या रांगेतली बाई रडत होती. पाहिलंस? म्हणजे अजून आहे माझ्यात. पुढच्या वेळी टेप नको. सगळी गाणी मीच म्हणतो.”

मुलीने टॉवेल उचलला आणि घड्या घालू लागली. कानसेन वायरी गुंडाळायला बाहेर गेला.

पुढची वेळ आली नाही. त्याआधी रेकॉर्ड बाजारात आली. ती ऐकून वाघ एका सकाळी कानसेनाच्या घरी आला. जिने चढून दम लागला होता. बायकोने पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही.

“शेवटच्या गाण्यात मी नाहीये.”

कानसेनाने खुर्ची पुढे केली. वाघ बसला नाही.

“पोरीने सांगितलं होतं, माईक उघडू नका म्हणून?”

“सांगितलं तिने. पण बटण माझ्या हातात होतं.”

“मग मी म्हटलेलं कुठंय? तू टेप लावली असशील. तू तर सगळं उतरवून घेतोस.”

“त्या दिवशी रेकॉर्डिंग कंपनीकडे होतं. बाहेर जे ऐकू आलं तेवढंच त्यांनी घेतलं. मी काही लावलं नव्हतं.”

वाघ खुर्चीत टेकला. “म्हणजे नाहीच कुठे.” मग त्याने विचारलं, “कसं झालं होतं?”

“चांगलं. तू तसं कधीच म्हटलं नव्हतंस. दुसऱ्या कडव्यापासून तर...”

“पुरे.”

“खरं सांगतोय.”

“त्या दिवशीही तू ‘ऐकलं’ म्हणालास.” वाघ उठला. आवाज चढला नव्हता. चढवायला उरलाही नव्हता. “आता तू काय सांगशील ते मी कशाच्या जोरावर खरं धरू?”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वाघ कठड्याला धरून सावकाश जिना उतरला.

कानसेन खिडकीशी गेला. खाली वाघाने टॅक्सी थांबवली आणि वाकून पत्ता सांगितला. रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती. ड्रायव्हरने मान पुढे काढून विचारलं, “काय?” वाघाने पुन्हा सांगितलं. “जरा मोठ्यानं बोला की, आजोबा.”

वाघ सरळ झाला, हात उचलून नुसती दिशा दाखवली आणि मागचं दार उघडून आत बसला.