आधी बोलणाऱ्याची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. खुर्ची म्हटलं की तुम्हाला लगेच पुढारी आठवतील, पण माझ्यावर आजवर एकही पुढारी बसलेला नाही. माझ्यावर बसली ती साधी माणसं, आणि त्यांतली बरीचशी डोळे पुसत उठली. आता माझा एक हात निखळला आहे, बैठकीचा वेत फाटला आहे आणि अमरावतीतल्या एका वाचनालयाच्या माडीवर रद्दीच्या गठ्ठ्यांशेजारी मी उभी आहे. म्हातारपणी बडबड वाढते असं समजा हवं तर, पण माझं ऐका.

माझा जन्म तुरुंगात झाला. दचकू नका. तुरुंगातही सुतारकामाची शेड असते आणि तिथले कैदी टेबलं, बाकं, पाट बनवतात. मला घडवलं भगवंत नावाच्या कैद्यानं. तो बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण पेटलं, हातात फावडं होतं आणि चुलतभाऊ जागच्या जागी गेला. भगवंतला जन्मठेप झाली. बायको माणिकबाई आणि पाळण्यातली सीमा मागे राहिल्या.

तो काम करताना कुणाशी बोलत नसे. माझ्या मागच्या पायात एक वाईट गाठ निघाली. दुसऱ्या कुणी तो पाय फेकून दिला असता. भगवंतनं गाठ कोरून काढली आणि तिथं शिसवीचा एवढासा तुकडा असा बेमालूम बसवला की त्यावरून बोट फिरवलं तरी कळू नये. माझ्या अंगावरच्या त्या ठिगळाचा मला फार तोरा होता.

दिवाळीत कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंचा मेळा भरतो. तिथून मला नत्थुजींनी उचललं. नत्थुजी म्हणजे तुरुंगातल्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी ‘वऱ्हाड गुन्हेशास्त्र अभ्यास मंडळ’ काढलं होतं. नाव पाटीवर दोन ओळींत मावलं, सभासद मात्र अकरा. दोन वकील, एक निवृत्त फौजदार, बाकी प्राध्यापक. माणूस गुन्हा का करतो, शिक्षेनं तो सुधारतो का, ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याचं पुढं काय होतं, याचा ही मंडळी अभ्यास करायची. अशी मंडळं जगभर आहेत बरं का. अमेरिकेत आहे, युरोपात आहे, जपानात, ऑस्ट्रेलियात आहे. त्यांची जाडजूड नियतकालिकं टपालानं आमच्या माडीवर येत. पोस्टमन दारातूनच ओरडायचा, “घ्या मास्तर, पुन्हा चोरांची पुस्तकं आली!”

आमच्या मंडळाची एक रीत होती. ती जगातल्या दुसऱ्या कुठल्या मंडळात असेल असं मला वाटत नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बैठक भरे. विद्वान मंडळी खाली सतरंजीवर बसत आणि मी एकटी समोर उभी असे. ज्याच्यावर निबंध लिहायचा, त्यानं आधी माझ्यावर बसून बोलायचं. त्याचं बोलणं संपेपर्यंत कुणी कागद काढायचा नाही.

“ज्याच्यावर बेतलं त्याले पयले बोलू द्या,” नत्थुजी दटावायचे. “तुमची पुस्तकं कुठी पळून नाई चालली.”

मुलाच्या खुनानंतर बारा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेली आई माझ्यावर बसली. पाकीटमार बसला, सुटून आलेला जेलर बसला. हो, जेलरही नोकरीतून सुटूनच येतो, असं तो स्वतःच हसत म्हणाला होता. त्या काळात माझी काय ऐट होती! दर पावसाळ्यानंतर मला पॉलिश व्हायचं.

आणि एका रविवारी नत्थुजींच्या बोलावण्यावरून भगवंत जिना चढून वर आला.

चौदा वर्षं काढून तो सुटला होता. गावी जायचं तोंड नव्हतं म्हणून अकोल्यात, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं, तिथं त्यानं फुलांचं दुकान टाकलं होतं. झेंडू, शेवंती, निशिगंध. देवळात जाणारी माणसं त्याच्याकडून हार नेत. सीमा कॉलेजात जाऊ लागली होती. तिला आणि माणिकबाईला सोडून त्या गल्लीत कुणालाही त्याचं मागचं ठाऊक नव्हतं.

तो बसायला आला, वाकला आणि त्यानं माझ्या मागच्या पायावरून अंगठा फिरवला.

“अरे बाप्पा! हे तं माह्यीच हाय!” तो म्हणाला आणि मोठ्यानं हसला.

कुलदीप नावाच्या तरुण वकिलानं नेमका तेव्हा फोटो काढला. मला घडवत होता तेव्हा मी त्या माणसाला रोज पाहिलं होतं, पण त्याचे दात मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. मग तो बोलला, दोन तास बोलला. चुलतभावाचं नाव घेताना त्यानं माझे दोन्ही हात घट्ट धरले होते.

निबंध लिहायचं काम मंडळातल्या प्राध्यापक गीतांजली मॅडमकडे होतं. नत्थुजी त्याच वर्षी वारले आणि मॅडम मंडळाच्या कार्यवाह झाल्या. बाई हुशार, कष्टाळू आणि मनानं फार चांगल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना वाईट म्हणाल. त्यांनी भगवंतला संमतीचा कागद वाचून दाखवला होता. त्यानं एकच विचारलं होतं, “माह्यं नाव नाई ना येनार, मॅडम?”

“नाही येणार. शब्द देते.”

“मंग घ्या सही.”

मॅडमनी शब्द पाळला. निबंधात त्याचं नाव ‘सदाशिव’ केलं. परदेशातल्या एका मोठ्या मंडळाकडे तो पाठवला. तिथून उत्तर आलं की निबंध उत्तम आहे, पण तपशील हवेत. गाव कसलं, साल कोणतं, भांडण कशावरून, आता माणूस कुठं आणि काय करतो, हे नसेल तर अभ्यास अपुरा. मॅडमनी सगळं घातलं. नदीकाठचं गाव, त्यातलं देऊळ, विहीर, फावडं, साल, अकोल्यातला तो चौक आणि फुलांचं दुकान. निबंध टोकियोच्या परिषदेत वाचला गेला. टाळ्या झाल्या, बक्षीस मिळालं. माडीवर पेढे वाटले, माझ्या बैठकीवरच पेढ्यांचा पुडा ठेवला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण आनंदाच्या भरात मंडळानं त्याच निबंधाचा मराठी अनुवाद वार्षिक स्मरणिकेत छापला. दोनशे प्रती काढल्या. सगळ्या सभासदांनी मुद्रितं तपासली, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या, आणि नाव बदललं आहे ना, हे प्रत्येकानं नीट पाहिलं. नाव सोडून दुसरं काही बघावं हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. टोकियोत तो माणूस कुणालाच ओळखू आला नाही. अकोल्यात पहिलं पान संपायच्या आत ओळखू आला.

महिन्याभरानं भगवंत पुन्हा आला. बैठकीचा दिवस नव्हता, माडीवर मॅडम एकट्याच होत्या. तो माझ्यावर टेकला तेव्हा मला त्याचं वजन निम्मं झाल्यासारखं वाटलं.

“दुकान बंद केलं, मॅडम,” तो म्हणाला. “लोकं म्हनते, खुन्याच्या हातची फुलं देवाले कशी वाहाची? पुजारीबी घेत नाई. सीमानं कालेज सोडलं. पोरी तिच्यापासून सरकून बसून राहिल्या.”

मॅडमनी समोरची स्मरणिका पालथी घातली.

“तुमचा राग नाई. तुमी नाव बदललं, मले मालूम हाय. पन ते लेखातलं वापस घेता येईन का?”

मॅडमनी त्याच दिवशी परदेशी पत्र लिहिलं. गावोगाव हिंडून स्मरणिकेच्या प्रती परत मागितल्या, त्यांतल्या शंभराच्या आसपास मिळाल्या. परदेशातलं उत्तर दोन महिन्यांनी आलं. दिलगिरी मोठ्या सभ्य भाषेत होती. पण निबंध आता पंधरा देशांतल्या ग्रंथालयांत गेला होता आणि तिथून तो काढता येणार नव्हता.

तेव्हा मॅडमनी हाताशी होतं ते तरी पुसायचं ठरवलं. एका दुपारी त्यांनी भगवंतच्या बोलण्याची ध्वनिफीत, टिपणांच्या वह्या आणि त्याचा तो फोटो गच्चीवर नेला आणि तेलाच्या डब्यात जाळला. कुलदीपच्या मोबाइलमधून आणि संगणकातूनही पुसायला लावला. आता तरी याला कुणी शोधू शकणार नाही, असं त्या स्वतःशीच म्हणत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. मीही तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं.

भगवंत अकोला सोडून गेला. कुठं, ते कळलं नाही. मंडळही त्यानंतर सावरलं नाही. माझ्यावर बसायला कुणाला बोलवायचा धीरच मॅडमना होईना, आणि आमच्या रीतीप्रमाणे मी रिकामी असले तर बैठक भरत नाही. नियतकालिकं येत राहिली, न उघडलेली पाकिटं माझ्यावर साचत गेली. बक्षिसाचं प्रमाणपत्र त्यांच्याखाली कुठंतरी आहे.

गेल्या हिवाळ्यात मॅडम पुस्तकं आवरायला आल्या होत्या, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. पंचविशीतली एक मुलगी दारात उभी राहिली.

“मी सीमा. भगवंतची पोरगी.”

मॅडम खाली बसल्या, सतरंजीवर.

“बाबा गेले, मॅडम. दोन महिने झाले. तिकडं चांदूरकडं राहत होतो आमी. मी भांडाले नाई आली,” सीमा घाईनं म्हणाली. “एक फोटो पायजे होता. हार घालाले.”

“घरी नाही का एकही?”

“आधार कार्डावरचा हाय. पन त्याच्यात बाबा गुन्हेगारावानी दिसते.” “बाबा सांगत जाय, अमरावतीले माह्या खुर्चीत बसून एक फोटो काढला होता, हसून. आईनं म्हटलं, तो आन. तिनं त्याले हसतानी कधी फोटोत पायलंच नाई.”

मित्रांनो, मला त्या वेळी लाकूड असल्याचं बरं वाटलं. मॅडमना ती सोय नव्हती. त्यांनी जे केलं होतं ते सगळं सांगितलं. फोटो का जाळला, कुठं जाळला, सगळं.

“तो लेख आहे,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “त्यात तुझ्या बाबांविषयी खूप लिहिलंय मी. चांगलं लिहिलंय. तो देऊ?”

“त्याच्यात बाबाचं नाव हाय का?”

“नाही.”

“मंग मले तो काय कामाचा, मॅडम?”

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ही खुर्ची त्यांनीच केलेली आहे. ही तरी ने.”

सीमानं माझ्या तुटक्या हातावर क्षणभर हात ठेवला. माझी खात्री झाली की आता आपण घरी जाणार.

“खुर्चीले हार कसा घालू?” ती म्हणाली, आणि हळूहळू जिना उतरून गेली.

मला दुरुस्त करा, पॉलिश करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं काय, मी लाकूड आहे. पण उद्या तुम्ही शिकून मोठे व्हाल आणि कुणीतरी विश्वासानं तुमच्यासमोर बसून आपली गोष्ट सांगेल. ती छापण्याआधी एकदा मनातल्या मनात त्याच्या गल्लीत उभं राहून वाचा. आणि जे त्याचं आहे ते आधी त्याच्या घरी पोचवा. आम्ही निबंध पंधरा देशांत पाठवला, स्मरणिकेच्या दोनशे प्रती काढल्या. त्या फोटोची एक प्रत भगवंतच्या हातात द्यावी, हे मात्र त्या रविवारी आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.