चपला आत

"चपला आत घ्या, केशवभाऊ."

"घेतो की. पिशवीच आणलीये." केशव रणभिसेंनी दारातच पायातल्या चपला काढल्या, कापडी पिशवीत घातल्या आणि पिशवी काखेत मारली. "जिन्यात कुणी बघितलं तर म्हणेल, म्हातारा वांगी घेऊन चाललाय. जय मसीह की, वहिनी."

"जय मसीह की. स्वयंपाकघरात ओट्याखाली पेपर पसरलाय, त्यावर ठेवा."

शोभा साळवे दार लावायला वळल्या. अवधपुरीतल्या त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं होती, त्यांचं आणि समोर सुप्रिया दिघेंचं. दोन्ही दारांमधली फरशी स्वच्छ होती. पूर्वी त्यांच्याकडे शुक्रवारची प्रार्थना असली की तिथे चपलांमुळे पाय ठेवायला जागा नसायची.

चर्चच्या मंडळीतली माणसं दर शुक्रवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी प्रार्थनेला जमत. शेवटी पास्टर एलियास विचारायचे, "अगला शुक्रवार किसके घर?" आणि सगळ्यांच्या आधी केशवभाऊंचा हात वर जायचा. शेजारी बसलेली त्यांची बायको रागावून बघायची, सगळे हसायचे. दिवाळीनंतर दुसऱ्या एका कॉलनीत अशाच घरगुती प्रार्थनेत काही लोक शिरले. त्यांनी व्हिडिओ काढले, धर्म बदलवता म्हणून ओरडा केला, पोलीस आले. घरमालकाला संध्याकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. त्यानंतर शुक्रवार बंद झाले.

शोभाताई आणि त्यांचे पती अरविंद नागपूरहून कारखान्याच्या नोकरीसाठी आले, तेव्हा या हिंदी बोलणाऱ्या शहरात त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. मुलाच्या, अनिकेतच्या, जन्माच्या वेळी डबे आले ते या माणसांकडून. अरविंदना अर्धांगवायू झाला तेव्हा दवाखान्यात पाळ्या लावल्या त्या यांनीच, आणि मागच्या वर्षी शवपेटीला खांदा दिला तोही यांनीच. आज वर्ष झालं. वर्षाची प्रार्थना घरी होते, मंडळी येते, हे शोभाताई लग्न झाल्यापासून बघत आल्या होत्या.

सकाळी पुण्याहून अनिकेतचा फोन आला होता. "आई, चर्चमध्ये करा ना. घरात कशाला?"

"ते घरात गेले, म्हणून घरात."

"लोक येणार नाहीत. घाबरलेत सगळे."

"येतील तेवढे येतील."

दुपारपर्यंत तिघांचे फोन आले. एकाचं बीपी वाढलं होतं, एकीकडे अचानक पाहुणे आले होते. तिसरीने कारण सांगितलंच नाही, नुसती रडली. शोभाताईंनी तिलाच धीर दिला आणि चहासाठी मोजून ठेवलेलं पाणी थोडं कमी केलं.

चारच्या सुमाराला माणसं एकेक करून आली, दोघं कधीच बरोबर नाहीत. एलिकुट्टी सिस्टर, जुन्या नर्स, बायबल साडीच्या पिशवीत घालून आल्या. पास्टर शेवटी आले, साध्या चेक्सच्या शर्टात. शोभाताईंनी चहाचं आधण मंद गॅसवर ठेवलं. सतरंजीवर बसायला जागा पुरली आणि उरलीही. ओट्याखालच्या पेपरवर चपला एकमेकींवर पडल्या होत्या.

"गाना नहीं गाएँगे," पास्टर हळू म्हणाले. "प्रार्थना भी धीरे. शोभा आंटी, ठीक है?"

"ठीक है."

अरविंदचा फोटो टीव्हीवरच्या भिंतीवर होता. या माणसाने इतक्या वर्षांत चार लोकांत कधी तोंड उघडून प्रार्थना केली नाही. पाळी आली की कान लाल व्हायचे, शब्द फुटायचा नाही. मग कधीतरी त्यांनी स्वतःला एक काम लावून घेतलं. शेवटचा आशीर्वाद सुरू झाला की ते गुपचूप उठत, बाहेर जात आणि सगळ्यांच्या चपला फिरवून ठेवत, टाचा दाराकडे, बोटं जिन्याकडे. बाहेर येणाऱ्याने फक्त पाय घालायचे. कुणाची कुठली जोडी आणि कुणाला वाकता येत नाही, हे त्यांना पाठ होतं. "साळवेंची प्रार्थना झाली," असं केशवभाऊ म्हणायचे.

पास्टरांनी वचन वाचलं. मग प्रत्येकाने एकेक वाक्य बोलून अरविंदची आठवण काढली, शेजारच्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात. एलिकुट्टी सिस्टरना खोकला आला, तो त्यांनी पदरात दाबला. पास्टरांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. पंख्याची घरघर मोठी वाटत होती, इतका त्यांचा आवाज बारीक होता. "प्रभु के नाम से माँगते हैं," असं म्हणून ते थांबले.

"आमेन!"

सगळे एकदम म्हणाले, नेहमीच्या आवाजात. लहानपणापासून जसं म्हणत आले तसं. सर्वांत मोठा आवाज केशवभाऊंचा होता.

मग कुणी हललं नाही. केशवभाऊंनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. खाली अंगणात कुणीतरी काहीतरी बोललं, बाल्कनीचं दार उघडलं, कुणीतरी उत्तर दिलं. थोड्या वेळाने बेल वाजली.

शोभाताईंनी दार उघडलं. सुप्रिया होती, अनवाणी. एरवी ती बेल न वाजवता थेट स्वयंपाकघरापर्यंत यायची. दिवाळीचा फराळ घेऊन यायची, नाताळचा केक डब्यात भरून न्यायची. आज ती उंबऱ्याच्या पलीकडे उभी राहिली.

"अहो शोभाताई, घाबरू नका," ती कुजबुजली. "खाली दुबेजी विचारत होते, वर काय चाललंय, कोण कोण आलंय. सेक्रेटरी ना ते, त्यांना सगळंच पाहिजे. मी बाल्कनीतूनच सांगून टाकलं, साळवेकाकांचं वर्षश्राद्ध आहे."

शोभाताईंचा हात कडीवरच राहिला.

"बरोबर केलं ना?"

"श्राद्ध नाही, सुप्रिया. प्रार्थना आहे."

"मला माहितीये हो. मला नका सांगू. पण त्यांना काय फरक पडतो? श्राद्ध म्हटलं की कुणी वर येत नाही."

शोभाताईंनी मागे भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "त्यांना पडला असता."

"मग आता मी खाली जाऊन काय सांगू?" सुप्रियाच्या आवाजात पहिल्यांदाच धार आली. "मी तुमच्यासाठीच बोलले. आमचे हे कमिटीत आहेत. उद्या आम्हालाच विचारतील, खोटं का बोललात."

"तू काही सांगू नकोस. कुणी विचारलं तर वर पाठव. मी सांगेन."

सुप्रियाने आत सतरंजीवर बसलेल्या माणसांकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि स्वतःच्या दारात शिरली. कडीचा आवाज आला.

"आंटी, आशीर्वाद बोल देता हूँ," पास्टर म्हणाले. "फिर सब निकलें. एक एक करके."

ते उभे राहिले, सगळे उभे राहिले. शोभाताई मात्र स्वयंपाकघरात गेल्या. पेपरवरून दोन्ही हातांत मावतील तेवढ्या चपला उचलल्या, उघड्या दारातून बाहेर नेल्या, परत आल्या, पुन्हा उचलल्या. गुडघे दुखत होते म्हणून त्या फरशीवर बसूनच जोड्या लावू लागल्या. कुठली कुणाची हे त्यांना अरविंदसारखं पाठ नव्हतं. टाचा दाराकडे, बोटं जिन्याकडे, एवढं माहीत होतं.

माणसं बाहेर आली आणि चपला बघून दारातच थबकली. अगला शुक्रवार किसके घर, हे पास्टरांनी विचारलं नाही. त्यांनी शोभाताईंच्या डोक्यावर हात ठेवला, बूट पायात सरकवले आणि उतरले. एलिकुट्टी सिस्टरनी सँडल हातात घेतल्या आणि तशाच अनवाणी जिना उतरल्या. बाकीच्यांनीही जमेल तसं केलं. कुणी चहा घेतला नाही.

केशवभाऊ शेवटी राहिले. त्यांनी घाई केली नाही. भिंतीला हात टेकून एकेक पाय चपलेत घातला, वाकावं लागलं नाही.

"साळवेंची प्रार्थना झाली, वहिनी," ते म्हणाले. रिकामी पिशवी त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

त्यांच्या चपलांचा आवाज जिन्याच्या दोन वळणांवरून खाली गेला आणि थांबला.

"हो गया श्राद्ध, चाचाजी?" खालून दुबेजींचा आवाज आला. चौकशी करावी तसा, साधाच.

शोभाताई कठड्याला धरून उभ्या होत्या.

"हाँ, भैया," केशवभाऊ म्हणाले. "हो गया."

चपला पुन्हा वाजू लागल्या आणि फाटकापलीकडे गेल्या.

शोभाताई आत आल्या. दार त्यांनी लावलं नाही. सतरंजीचं एक टोक उचलून गुंडाळायला घेतलं, मग सोडून दिलं. ओट्याखालचा पेपर उचलला, त्यावरची माती मोरीत झटकली आणि गॅसवरचं आधण बंद केलं.