जांभळा धातू

सगळी गल्ली त्यांना बंबवाले म्हणायची. अग्निशमन दलातून निवृत्त झाले तरी लांबून सायरन ऐकू आला की ते जेवता जेवता ताटावरून उठत. सून प्रयोगशाळेत सीझियम नावाच्या धातूवर काम करते आणि तो हवा लागताच पेटतो, हे कळल्यापासून त्यांच्या जिवाला घोर लागला होता.

"मी एकदा येऊन बघणार," ते म्हणाले. "तुझ्या साहेबांना काय सांगायचं ते सांग."

प्रयोगशाळेत शिरल्यावर त्यांनी आधी बाहेर पडायचा रस्ता हेरून ठेवला, मग नळ शोधला.

"पाणी कुठंय?"

"पाणी नाही चालत बाबा. यावर पाणी पडलं तर स्फोट होतो. ती कोरडी वाळू आहे ना, बादलीत."

त्यांनी बादलीत हात घालून वाळू चाचपली आणि बादली उचलूनच सुनेच्या मागे उभे राहिले.

बंद काचनळीत कोमट केलेलं सीझियम होतं, वितळलेल्या सोन्यासारखं. आतली हवा तिने आधीच काढून टाकली होती. आता तिने एक बारीक झडप किंचित फिरवली.

"काय सोडलंस आत?"

"ऑक्सिजन."

त्यांनी बादली पुढे धरली. एकदा एका पेटत्या गोदामाचं दार कुणीतरी घाईने उघडलं होतं. आत हवा शिरली, भडका उडाला आणि त्यांचा जोडीदार त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. घरात सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक होती.

"मोकळ्या हवेत जळताना हा अकरा अणूंमागे ऑक्सिजनचे बावीस ओढून घेतो," ती म्हणाली. "मी तीनच देतेय."

ज्वाळा उठली नाही. नळीतलं सोनं सावकाश काशाच्या वाटीसारखं झालं, मग लालसर. दुपार टळल्यावर तिने नळी गार व्हायला ठेवली, तसे काचेलगत स्फटिक उगवू लागले. गडद जांभळे, आणि तरी धातूसारखे लखलखीत.

त्यांनी झडपेकडे बोट दाखवलं.

"गोदामात शिरला तो ऑक्सिजन हाच ना?"

"हाच."

"आणि थोडा असला की असा वागतो?"

"याच्या एकेका अणूला धातूचे सहा अणू वेढून बसतात, बाबा. जळण्यापुरता तो उरतच नाही."

त्यांनी बादली खाली ठेवली, चष्मा पुसला आणि वाकून पुन्हा पाहिलं. सुनेने सगळं आवरलं तरी त्यांचा पाय निघेना.

घरी सासूबाई वाटच पाहत होत्या. "धोका आहे का हो तिला?"

"पोर सांभाळून करते." मग जरा थांबून म्हणाले, "अगं, काय रंग होता."

"कसा? वांग्यासारखा?"

त्यांनी खूप विचार केला. "नाही गं. कशासारखाच नाही."