पाच शतांश व्होल्ट

माझ्या हाताखाली काम करणाऱ्या सगळ्यांना एक गोष्ट तोंडपाठ आहे. नवीन आलेल्या कुणाचा कॉम्प्युटर दोनदा गोठला की मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसते, आणि जुनी मंडळी एकमेकांकडे बघून हसतात. 'झालं, आता व्होल्ट येणार,' असं माझ्या माघारी म्हणतात म्हणे. म्हणू देत. गोष्ट खरी आहे आणि ती सांगताना मला अजूनही बरं वाटतं.

तेवीस वर्षांपूर्वी मला ॲनिमेशन शिकायला एका संस्थेत जायचं होतं. प्रवेशासाठी स्वतः केलेली तीन मिनिटांची फिल्म द्यायची होती. माझ्या फिल्ममध्ये एक छत्री एकटीच जिना उतरून रस्त्यावर जाते, एवढंच होतं. पण ती छत्री आणि तो जिना रंगवायला आमचा कॉम्प्युटर एकेका चित्राला पाच मिनिटं घ्यायचा. चित्रं साडेचार हजार. हिशेब केला तर सोळा दिवस येत होते आणि फिल्म पोचवायला चौदाच उरले होते. संस्था वर्षातून एकदाच मुलं घ्यायची आणि बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, यंदा जमलं तर ठीक, नाहीतर सरळ नोकरी बघायची.

मग मी कॉम्प्युटरचा वेग वाढवला. सुरू होताना एक बटण दाबून धरलं की एक निळं पान उघडायचं, तिथे कारखान्याने ठरवलेला आकडा बदलता यायचा. हजारच्या जागी मी बाराशे केले. बाराशेवर तेरा दिवसांत काम होणार होतं. मी स्वतःवर खूश होऊन झोपले.

कॉम्प्युटर आत्याच्या खोलीत होता, कारण घरात टेबल मावेल अशी ती एकच खोली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, कायमची रात्रपाळी. सकाळी सातला यायची, आंघोळ, पेपर, जेवण उरकून दुपारी एकला आडवी व्हायची आणि सहाला उठायची. रात्रभर लोकांना 'थांबा हं, जोडून देते' म्हणून घरी आल्यावर तिला कुणाशी गोड बोलायचं त्राण उरत नसे. खोली गच्चीच्या खाली. उन्हाळ्यात स्लॅब तव्यासारखी तापायची. छताचा पंखा वरची गरम हवा खाली ढकलण्यापलीकडे काही करत नसे, म्हणून आत्याने पहिल्या पगारातून स्वतःसाठी एक टेबलफॅन घेतला होता. हिरवा, लोखंडी, मान हलवणारा. त्याला हात लावायची बाबांचीसुद्धा टाप नव्हती. अशा बाईच्या उशाशी मी दिवसरात्र घरघरणारं यंत्र आणून ठेवलं होतं. ती त्याला 'डबा' म्हणायची आणि मला 'इंजिनिअरीणबाई'.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर डबा गोठलेला. मी तेव्हा दुपारी एक ते सहा झेरॉक्सच्या दुकानात काम करायची. पडद्यावर छत्री तिसऱ्या पायरीवर अर्धवट रंगलेली, बाण हलेना, काही नाही. शेवटचं चित्र दोन वाजून दहा मिनिटांनी तयार झालं होतं, म्हणजे चार तास पाण्यात. दुसऱ्या दिवशी तेच. रोज चार तास गेले तर तेराचे पुन्हा सोळा होत होते. वेग वाढवून मी होते तिथेच होते.

मग सुरू झालं माझं संशोधन. त्या दिवसांची आठवण आली की मला अजून त्या खोडरबराचा वास येतो. मी मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासून पुसले. एकेक पट्टी लावून पाहिली. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा लेप वाळला होता, तो खरवडून नवा लावला. डब्याची बाजूची पत्रा-पाटी काढून ठेवली, ती मग कायमचीच पलंगाखाली गेली. रोज सकाळी आठला निळ्या पानावर जाऊन तापमान बघितलं, ते रोज ठीक होतं. हे सगळं मी दोनशे पानी वहीत रकाने आखून लिहीत होते: तारीख, बदल, निकाल. निकालाच्या रकान्यात रोज एकच शब्द येत होता. गोठला.

चौथ्या दिवशी माझी खात्री पटली की हे यंत्राचं काम नाही. रात्रभर आणि सकाळभर चालणारा डबा बरोबर आत्या झोपल्यावर तासाभरातच कसा बंद पडतो? पुढच्या बाजूला रिसेटचं बटण होतं, पलंगावरून पाय लांबवला तरी पोचेल असं. ते दाबलं तर डबा गोठत नाही, नव्याने सुरू होतो, एवढा विचार तेव्हा केलाच नाही. आवाजाचा त्रास तिलाच होत होता. मी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, तिला विचारलं.

"आत्या, तू दुपारी ते बटण दाबतेस का?"

तिने घास खाली ठेवला. "कसलं बटण?"

"डब्याचं. तुला झोप लागत नाही म्हणून."

"मी?"

"रोज दोनलाच कसा बंद पडतो मग? माझं वर्ष जाईल, कळतंय का तुला? तुला काय, तुझी झोप झाली की झालं."

आई 'अगं, अगं' म्हणाली. बाबा ताटात बघत राहिले. आत्या उठली, हात धुतले, पर्स उचलली आणि कामावर जायची वेळ व्हायच्या तासभर आधीच निघून गेली. मला वाटलं, चोर पकडला गेला. त्या रागाच्या भरात मी निळ्या पानावर गेले आणि वहीतला पुढचा बदल केला: प्रोसेसरला मिळणारा विजेचा दाब पाच शतांश व्होल्टने वाढवला.

दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्सच्या दुकानातून पळत घरी आले. डबा चालू होता. छत्री दुसऱ्या मजल्यावर पोचली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही चालू, तिसऱ्या दिवशीही. आत्याने आपली गादी खोलीतून काढून बाहेरच्या बोळकांडीत टाकली होती. "तुमच्या डब्याजवळ मला झोपायचं नाही, उगाच आळ नको," एवढं आईला सांगितलं, माझ्याशी दोन दिवस बोललीच नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, बटणापासून लांब गेली. नंतर ती बोलायला लागली, पण एकदाही 'मी नव्हतं दाबलं' म्हणाली नाही, आणि तिचं गप्प राहणं म्हणजे कबुलीच असं मी धरून चालले. त्या उन्हाळ्यात तिच्या मानेवर, पाठीवर घामोळं आलं होतं. ती पांढरीफटक पावडर थापून कामावर जायची आणि मी तिच्या पाठीमागे आईला म्हणायची, बघ, कणकेत लोळून चालली. आई हसायची. मीही हसायची.

फिल्म वेळेत झाली, सहा तास हातात राखून. मला प्रवेश मिळाला. तिथून नोकरी, मग मोठी नोकरी, आणि आज चाळीस कॉम्प्युटर आणि ते चालवणारी सव्वीस माणसं माझ्या जिवावर. गोष्ट सांगताना मी आत्यालाही आणते. 'एक आत्या होती, तिला दम भरला आणि पाच शतांश व्होल्ट वाढवले,' असं म्हटलं की हमखास हशा पिकतो.

परवा आमचं ते जुनं घर रिकामं करायला गेले. आई-बाबा आता नाहीत. आत्या अठ्ठ्याहत्तरची आहे, गुडघे गेलेत, जिने चढवत नाहीत. तिला मी माझ्याकडे घेऊन जाणार आहे. तिच्या खोलीतलं कपाट आवरताना वर डबा सापडला, चादरीत गुंडाळलेला, आणि शेजारी माझी दोनशे पानी वही. माझ्या अंगात एकदम ती एकोणीस वर्षांची पोर आली. म्हटलं, हा चालू करून ऑफिसात नेऊन ठेवायचा, तीच छत्री, तेच बाराशे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

सकाळभर त्यातली धूळ ब्रशने झाडली. आतली बटणासारखी बॅटरी बदलली, प्रोसेसरला नवा लेप लावला, खोडरबरसुद्धा शोधलं. सुरू केल्यावर तो खाकरला आणि चक्क उठला. निळं पान उघडलं तेव्हा माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. वहीत बघून एकेक आकडा तसाच टाकला. बाराशे. वाढीव पाच शतांश. छत्रीची फाईल होती तशी होती. तो पहिल्यांदा गोठला होता ती तिसरी पायरीच आधी रंगवायला घेतली.

दुपार झाली होती. आत्या जेवून तिच्या पलंगावर आडवी झाली होती, हिरवा पंखा तिच्याकडे मान हलवत होता. मी खाली बसून तिला तीच गोष्ट सांगत होते, की या डब्याने आपल्याला कसं छळलं होतं आणि काय केल्यावर तो सरळ झाला. आळाचा भाग मी घाईघाईने उरकला. ती डोळे मिटून ऐकत होती, किंवा ऐकत नव्हती.

आणि डबा ओरडायला लागला. टूं-टां, टूं-टां, टूं-टां. दोन सुरांची कर्कश शिट्टी. मी दचकून उठले. तेवीस वर्षांत, त्या चौदा दिवसांतसुद्धा, मी त्याचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. मला कळेना काय झालंय ते. वहीची पानं उलटायला लागले.

"झालं त्याचं सुरू," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "पंखा लाव त्याला."

"काय?"

"अगं पंखा लाव. असा आडवा, त्या उघड्या बाजूने. दोन मिनिटांत गप्प बसतो."

मी पंख्याची मान पकडून डब्याकडे वळवली. शिट्टी आणखी थोडी वाजली आणि थांबली. या वेळी तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी त्यात टाकला होता. पडद्यावर बघितलं तर आकडा एकेक करून उतरत होता. हे मी कधी बघितलंच नव्हतं, कारण मी बघायची ते सकाळी आठला, स्लॅब तापायच्या आधी.

"तुला कसं माहीत?"

"मला नाही तर कुणाला? तू तर दुकानात. रोज दीड-दोनला बोंबलायचा, मग आपोआप गप्प व्हायचा. तू म्हणालीस गोठतो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो आधी बोंबलतो आणि मग गोठतो. एक्स्चेंजमध्ये आमची पेटी तापली की अशीच घंटी व्हायची, मग आम्ही झाकण उघडून पंखा सोडायचो. म्हटलं, इथेही बघावं. तू यायच्या आत पंखा परत जागेवर."

"कधी?"

"तू माझ्यावर खेकसलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे मी व्होल्ट वाढवले त्याच्या दुसऱ्याच दुपारी. एका वेळी एकच बदल, असं मी सव्वीस लोकांना शिकवते. त्या चोवीस तासांत बदल दोन झाले होते आणि माझ्या वहीत एकच होता.

"पंखा डब्याला लावल्यावर तुला कुठला?" मी विचारलं.

"म्हणून तर बोळकांडीत गेले. तिथे जिन्याची थोडी झुळूक येते."

तिथे झुळूक येत नाही. त्या बोळकांडीला खिडकीच नाही. मला तिची पांढरीफटक मान आठवली आणि कणकेत लोळल्याचा माझा विनोद आठवला, आणि जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मी पलंगाच्या कडेला बसले.

"आत्या, मी तुला सगळ्यांसमोर चोर ठरवलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"कुणाला सांगायचं? तू नाचत होतीस घरभर, व्होल्ट व्होल्ट करून." तिने आता डोळे उघडले. "पुढे सांगणार होते. पण तू इतकी ऐटीत सांगायचीस ती गोष्ट. म्हटलं, राहू दे पोरीकडे."

"आणि माझं वर्ष तुझ्यामुळे वाचलं, ते?"

"मग वाचलं ना? अजून काय पाहिजे?"

मी तिचा हात धरला. चुकले, असं म्हणाले. तेवीस वर्षं उशिरा म्हणाले, पण म्हणाले. तिने दुसऱ्या हाताने पदराचं टोक घेऊन गळ्याचा घाम टिपला.

मी वही उघडली. त्या तारखेच्या ओळीत, पाच शतांश व्होल्टच्या पुढे जागा होती. तिथे लिहिलं: 'पंखा डब्याकडे वळवला. आत्या.' ती मान वर करून बघत होती.

"झालं लिहून?"

"झालं."

"मग आता तो पंखा इकडे वळव. त्याची परीक्षा कधीच संपली."

मी पंखा तिच्याकडे वळवला आणि मान हलायची कळ बंद केली, म्हणजे सगळा वारा तिलाच लागेल. थोड्या वेळाने डबा पुन्हा ओरडला, बराच वेळ ओरडला आणि तिसऱ्या पायरीवर गोठला. आत्याला झोप लागली होती. मी उठले नाही.