जावयाचं गाव

आमच्याकडे पोरगी द्याच्या आंधी बाप जावयाचं गाव पायी फिरून पाह्यतो. तिथचं पाणी पितो, पारावर बसतो, मंगच हो म्हणतो. मले सांगून आलेला अमरदीप कामरगावचा, पण नोकरी जपानात, समुद्राकाठच्या एका लहान शहरात. तिथं बाप कसा जाईन? तर आमच्या बाबांनी फर्मान काढलं, "त्याले म्हना, फोन घेऊन फिर. मी इथूनच पाह्यतो."

झालं! बिचारा सुट्टीच्या दिवशी फोन समोर धरून निंघाला. मी बाबांच्या बाजूले, दातओठ खात.

एका अंगाले समुद्र, बाकी तिन्ही बाजूनं डोंगर, मधातून नदी. हिवाळ्यात कमरेएवढा बर्फ पडते म्हणे.

"लोकसंख्या किती?" बाबांनी इचारलं.

"तीस हजार, मामाजी. दरसाली कमीच होते. म्हातारे जास्त."

"अन् दुकानं काहून बंद हायेत?"

"चालवाले कोनी नाही. पोरं मोठ्या शहरात गेले."

"शाळा दाखव."

दाखवली. तीही बंद पडलेली.

बाबा भडकले. "अशा ओसाड गावात पोरगी देऊ? इतका फिरला, रस्त्यावर मानूस नाही दिसला! हिले ताप आला तं पाणी कोन देईन? तिथं हिले ओळखते कोन?"

"कोनीच नाही," मी म्हटलं. "तेच पाह्यजे मले."

"मंजुषा, तू चूप बस."

"नाही बसत!" माह्या पोटातलं सारं ओठावर आलं. मागच्या साली माहा साखरपुडा मोडला तो पोराकडच्यांनी. त्याइले कार पाह्यजे होती. पण गावानं डाग लावला मले. दळण घेऊन निंघाली की ओट्यावरच्या बाया चूप होतात, पुढं गेली की खिदळतात. स्टँडवरचे पोट्टे त्या मोडलेल्या सोयरिकीतल्या पोराचं नाव घेऊन मले हाका मारतात. बाबाइले हे सारं मालूम हाय, अन् तरी मलेच सांगतात, मान खाली घालून चालत जाय.

"त्याचं गाव पाह्यलं ना? आता आपलं पाहा. चला माह्यासंगं स्टँडपर्यंत, आत्ताच्या आत्ता. मंग सांगा कोन्तं गाव वाईट."

बाबांनी चपलेकडे पाह्यलं. उठले मात्र नाहीत.

फोनमधून अमरदीप हळूच म्हणाला, "मामाजी, मंग तुमचं 'नाही' समजू का?"

"त्याइले कायले इचारतो?" मी फोन ओढून घेतला. "मले इचार. मी हो म्हणून राह्यली."